अख्खा मसूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. एकदा दोन पेग जास्त झाले होते आणि जीभ सैल सुटली होती, तेव्हाही बरोबर या गोष्टीपाशी येऊन मी गप्प झालो. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे तोंड उघडलं की मी आधी स्वतःची बाजू मांडायला लागतो. ती खोड जुनी आहे.

सुरुवात एका जेवणापासून करतो. खरं तर दुसरीकडूनही करता आली असती — पण जेवणापासून केली की माझा नंबर जरा उशिरा लागतो. बघा, इथेही माझी चालूगिरी सुरूच आहे.

चाकणहून तळेगावकडे जाताना एक गार्डन रेस्टॉरंट अँड बार लागतं. नाव सांगत नाही, कारण त्या हॉटेलाचा दोष यात फार थोडा. गार्डन म्हणजे पत्र्याच्या छताला लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या वेली आणि दारात एक कारंजं, ज्यात पाणी कधी मी पाहिलं नाही. मी तेव्हा निघोज्याजवळच्या एका कंपनीत होतो. गाड्यांचे लोखंडी ब्रॅकेट बनायचे. आठ वर्षांपूर्वी त्याच कंपनीत मी लाइन सुपरवायझर झालो. लातूरकडून आलेला, काळेवाडीत एका खोलीत तिघांबरोबर राहिलेला माणूस सुपरवायझर झाला — पार्टी तर द्यायलाच हवी. आमच्याकडे तसा रिवाजच आहे. नाही दिली तर लाइनवरचे लोक वर्षभर टोमणे मारतात.

पार्टी गुरुवारी दुपारी ठेवली. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. आणि गुरुवारीच निम्म्या लोकांचा वार असतो, म्हणजे ते मटण-मच्छीला शिवत नाहीत. सुट्टी आणि वार एकाच दिवशी आणणारा जो कोणी असेल, त्याला एकदा भेटायचंय मला. तर त्या दुपारी चार कंपन्यांची माणसं एकदम त्या हॉटेलात घुसलेली, वेटर दोन, आणि दोघांच्याही कपाळावर आठ्या. पापड आले ते मऊ. सोडा आला तर ग्लास नाहीत, ग्लास आले तर बर्फ नाही. पनीर चावताना दात दुखले. तंदुरी रोटी अशी की खिळे ठोकून चपलेला लावावी. तीन भाज्या मागवल्या, तिन्हींचा रस्सा लाल आणि तिन्हींची चव एक. आमचे विभागप्रमुख साहेब माझ्या शेजारी बसले होते, प्रत्येक घासाला माझ्याकडे बघून हसत होते. ते हसणं मला अजून आठवतं. हॉटेल मी निवडलं होतं ना.

सगळ्या टेबलावर एकच पदार्थ चांगला निघाला. अख्खा मसूर. तो मागवला होता किसनमामांसाठी.

किसनमामा कोण, ते सांगायला हवं. मामा आमच्या लाइनवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, निघोज्याचेच. मी ट्रेनी म्हणून आलो तेव्हा मला काही म्हणजे काही येत नव्हतं. ब्रॅकेटचं माप कसं घ्यायचं, प्रेसखालून हात कधी काढायचा, सगळं त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवाळीला मला गावी जायला जमलं नाही, तर घरी नेऊन जेवू घातलं. मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मांस-मच्छी-अंडं वर्ज्य. वर्ज्य म्हणजे नुसतं खायचं नाही असं नव्हे — ज्या चुलीवर ते शिजतं त्या चुलीचं पाणीसुद्धा नको. कॅन्टीनमध्ये त्यांनी कधी चहाही घेतला नाही. घरचा डबा, घरचं पाणी.

कामातही तसेच. दर दोन तासांनी दहा तुकडे उचलायचे, मोजायचे आणि चेकशीटवर खूण करायची, हा नियम. सगळे काय करतात? शिफ्ट संपताना एका दमात सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा मारून मोकळे होतात. मीही तेच करायचो. मामा एकेक तुकडा हातात घेऊन मापायचे आणि मग पेन उचलायचे. मला म्हणायचे, "बगितल्याबिगर खूण करू नगं, लेका." मी हो म्हणायचो आणि ते वळले की खुणा करून टाकायचो.

अशा माणसाला मी बारमध्ये नेलं. का नेलं? प्रेमापोटी — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. अर्धं खरंही आहे. उरलेलं अर्धं असं की मामांसारखा माणूस माझ्यासाठी आपला नियम सोडून येतो, हे सगळ्या लाइनला दिसायला हवं होतं मला. मामा नकोच म्हणत होते. "माझं तिथं काय काम? तुमी जावा, मजा करा," म्हणाले. मी हट्ट धरला. म्हणालो, मामा, मी स्वतः भटारखान्यात जाऊन बघून आलोय, तुमच्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा तवा, वेगळी पळी. तुमचा अख्खा मसूर आधी काढून ठेवणार आहेत. त्यांनी विचारलं, "तू बगितलंस?" मी म्हणालो, बघितलं.

मी भटारखान्यात पाऊलही ठेवलं नव्हतं. टेबल राखून ठेवायला फोन केला होता, तेवढाच. त्या फोनवर एक माळकरी येणार आहेत, जरा बघा, असं बोललो होतो की नाही ते आता नीट आठवत नाही. नाही — हे खोटं. चांगलं आठवतंय. बोललो नव्हतो. न बघता खूण केली होती, नेहमीसारखी.

मामा आले. स्वच्छ पांढरा सदरा, टोपी, सोबत स्वतःची पाण्याची बाटली. कोपऱ्यात अंग चोरून बसले. आमच्या ग्लासांकडे बघत नव्हते, आमचीच लाज आम्हाला वाटू नये म्हणून असेल. मसूर आला. मी स्वतः त्यांच्या ताटात वाढला. त्यांनी भाकरी मोडली, घास घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "चव हाय गड्या," म्हणाले. त्या अख्ख्या भिकार जेवणात समाधानाने जेवणारा तो एकच माणूस होता. मला इतकं बरं वाटलं. मी लगेच दुसऱ्यांदा वाढायला वाटीत पळी घातली.

पळीवर हाड आलं.

फार मोठं नव्हतं. करंगळीच्या नखाएवढं, चपटं, एका टोकाला मांसाचा चिकटलेला दोरा. मसुराला तर्री कशाची आणि चव कुठून आली, ते त्या एका क्षणात कळलं. आचाऱ्याने घाईत मटणाची तर्री ओतली असणार, किंवा पळी तीच वापरली असणार. त्याला कोण दोष देणार? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, हे लहान पोरगंही सांगेल. मी केलं ते असं — हाड बोटांनी उचललं, कागदी रुमालात गुंडाळलं, रुमाल खिशात टाकला. आणि उरलेला मसूर मामांच्या ताटात वाढला.

हो, वाढला. तिथे थांबलोसुद्धा नाही. पळी हवेत धरून बसलो असतो तर त्यांनी विचारलं असतं. मग ते उठले असते, घशात बोट घालून ओकले असते, साहेबांनी बघितलं असतं, आणि नव्या सुपरवायझरने माळकऱ्याला मटण चारलं ही बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टपासून तिसऱ्या शिफ्टपर्यंत फिरली असती. एवढा सगळा विचार मी केला, तेवढ्या वेळात. डोकं माझं अशा वेळी फार चांगलं चालतं. मामांनी ताट पुसून खाल्लं.

समोर संतोष बसला होता. त्याने पाहिलं.

संतोष आमच्याच लाइनवरचा, काळेवाडीचा, कंत्राटी. टवाळ म्हणून प्रसिद्ध. एकदा त्याने मामांच्या डब्याशेजारी उकडलेलं अंडं ठेवलं होतं आणि लांबून मजा बघत बसला होता. मामा चिडले नाहीत, डबा उचलून दुसरीकडे जाऊन बसले. नंतर संतोषलाच वाईट वाटलं, त्याने पाया पडून माफी मागितली. मनाने चांगला होता. पण टवाळ ही त्याची ओळख पक्की झाली होती, आणि ती ओळख पुढे माझ्या फार कामी आली.

शुक्रवारी सकाळी तो माझ्याकडे आला. आधी मामांकडे गेला नाही, माझ्याकडे आला, हे ध्यानात घ्या. म्हणाला, "सर, मामांना तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांना कमी लागेल." मी विचारलं, काय सांगू? तो म्हणाला, पळीवर हाड आलं ते. मी म्हणालो, दालचिनी होती ती. तो मशीनवर गेला. दोन दिवस वाट बघितली त्याने. मग त्याने मामांना सांगितलं.

मामा हात धुवायच्या नळांपाशी मला भेटले. शिफ्ट सुटली होती, माणसं जात होती. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं, माळ बाहेर काढली, माझ्यापुढे धरली. "हात लाव आन् सांग. तू म्हणशील ते खरं." माझ्या हातांना तेल लागलं होतं. मी हात पुसले. माळेला तेल लागू नये एवढं भान होतं मला — हात पुसून, दोन बोटं माळेला लावून म्हणालो, मामा, दालचिनी होती.

त्यांनी माळ आत घातली. चेहऱ्यावर असं काही हलकेपण आलं की मला वाटलं, बरंच केलं आपण. म्हाताऱ्याचा जीव वाचवला. खोटं बोलणाऱ्याला स्वतःचं खोटं किती लवकर औषधासारखं वाटायला लागतं, नाही?

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मामांनी सगळ्या लाइनसमोर संतोषला झापलं. मामांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. माळेची थट्टा करतोस, माझी कर, तिची करू नगं, असं म्हणत होते. संतोष माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे. वाट बघत होता. मी हातातली चेकशीट वाचत होतो.

त्या दिवसापासून त्याच्या शेजारी कुणी डबा उघडेना. त्या पट्ट्यात माळकऱ्याला फार मान, आणि अंड्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होतीच. एवढ्यावर तरी मी थांबायचं? मी त्याला ग्राइंडिंगच्या कोपऱ्यात टाकलं, जिथे दिवसभर लोखंडाची धूळ नाकात जाते. काम तिथेही कुणीतरी करायला हवंच होतं, असं कारण माझ्याकडे तयार होतं. खरं कारण हे की तो समोर दिसला की मला घास गिळवत नव्हता. दोन महिन्यांनी त्याने काम सोडलं. गेटपासवर सही माझीच. सही करताना मला सुटल्यासारखं वाटलं, तेही सांगून टाकतो.

पुढे एक-दोन वर्षांनी मामांच्या घरी जेवत होतो. हो, जात होतो मी त्यांच्या घरी. जेवतही होतो. मामी वाढता वाढता शेजारच्या कुणाची गोष्ट सांगत होत्या. तेही माळकरी, नातवाच्या वाढदिवसाला केक खाल्ला, मागून कळलं त्यात अंडं होतं. मी विचारलं, मग काय केलं त्यांनी? मामी म्हणाल्या, काय करायचंय, माळ उतरून देवापुढं ठेवली, उपास धरला, आणि एकादशीला थोरल्या माळकऱ्याच्या हातून पुन्हा घातली. "चुकून झाल्यालं देव मनावर घेत न्हाई," म्हणाल्या. मामा मान डोलवत होते. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

इतकं सोपं होतं. एक उपास, एक एकादशी. मी त्या दुपारी खरं बोललो असतो तर मामा चार दिवस दुखावले असते, साहेब मला हसले असते, आणि सगळं धुऊन निघालं असतं. मी त्यांच्यापासून नुसतं पाप लपवलं नव्हतं, त्यावरचा उपायही काढून घेतला होता. हे कळल्यावर तरी मी बोललो का? मामी समोर होत्या, मामा समोर होते, विषयही तोच. मी आणखी थोडी आमटी मागितली.

मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांना चार शब्द बोलायला लावलं. त्यांना भाषण कसलं येतंय. पण म्हणाले, जन्मात एकदाच हॉटेलात जेवलो, तेबी या पोराच्या भरवशावर, आणि त्यानं माझी माळ सांभाळली. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. तुम्ही असता तर काय केलं असतं, हे मी विचारणार नाही. मी काय केलं ते सांगितलं.

आता जे राहिलंय ते सांगायला मी एवढा फेरा मारलाय. हाड, माळ, ग्राइंडिंगचा कोपरा — हे सगळं मी कधी ना कधी कुणाला सांगितलंही असतं कदाचित. पुढचं नाही.

मागच्या वर्षी मामांच्या किडन्या गेल्या. पिंपरीच्या दवाखान्यात होते. मी दर दोन दिवसांनी जायचो. एके दिवशी मला म्हणाले, संतोषला शोध. त्या पोराला मी चारचौघांत लई बोललो. खोटं बोलला, पण म्हणून त्याचं काम जावं असं मला वाटत नव्हतं. जायच्या आधी एकदा त्याला माफ केलं असं सांगायचंय.

माफ. संतोषला.

त्याचा नंबर मिळायला एक दिवस लागला. आता दुसऱ्या कंपनीत आहे, दोन पोरं आहेत. फोनवर मामांचं नाव ऐकल्यावर त्याने बाकी काही विचारलं नाही, शिफ्ट सुटल्यावर चार वाजता येतो म्हणाला. मी खाली जाऊन उभा राहिलो. तुम्हाला वाटेल, माफी मागायला. मला स्वतःलाही जिना उतरेपर्यंत तसंच वाटत होतं.

तो कंपनीच्या कपड्यांतच आला. केस पिकायला लागलेत. मी त्याला जिन्याच्या वळणावर थांबवलं आणि म्हणालो, मामांचे फार दिवस राहिलेले नाहीत, त्यांच्या जिवाला शांतता मिळेल असं बोल. तो म्हणाला, "म्हणजे मी खोटं बोललो होतो, असं म्हणू?" मी खाली बघितलं. मग म्हणालो — आणि हे वाक्य शब्दन् शब्द माझं आहे — "तुझं काय जातंय आता?"

माणसं वर-खाली जात होती, आम्ही भिंतीला चिकटून त्यांना वाट देत होतो. मग तो वर चढला. मी त्याच्या मागून.

खाटेपाशी जाऊन त्याने मामांचे पाय धरले. म्हणाला, "मामा, चुकलो. हाड-बिड काही नव्हतं. मी थट्टा केली होती." मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. वय असतंय लेका, म्हणाले, जाऊ दे. पोरांची चौकशी केली. संतोष पाच-दहा मिनिटं बसला, मामांना पाणी पाजलं, आणि गेला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी मामा गेले, माळ गळ्यात होती.

पण त्या संध्याकाळी, संतोष गेल्यावर, मामा उशीला टेकून पडले होते आणि फार खूश होते. माझा हात हातात घेऊन मला म्हणाले, "बगितलंस? इतक्या वर्सांनी का व्हईना, खरं भाईर आलंच."

मी म्हणालो, "हो मामा."